गावात उघड्यावर दारू: फलक तर लावला, पुढे काय?

१५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरची ग्रामसभा आटोपली, की कधी कधी पुढच्या आठवड्यात बसस्टॉपजवळ नवा फ्लेक्स टांगलेला दिसतो. 'सार्वजनिक ठिकाणी दारू पिण्यास सक्त मनाई. आढळल्यास ५,००० रुपये दंड. आदेशावरून, ग्रामपंचायत.' खाली सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांचे हात जोडलेले फोटो. काही दिवस पानठेल्यावर त्याचीच चर्चा असते. मग कोणीतरी पहिल्यांदा सापडतो आणि खरे प्रश्न सुरू होतात. हा दंड वसूल कोण करणार? पावती कोण फाडणार? 'नाही देत, काय करायचं ते करा' असं त्याने म्हटलं तर? आणि तो एखाद्या सदस्याचाच साळा निघाला तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नाही. बाकीच्यांचं आहे, फक्त ते एका ठिकाणी सापडत नाही. दारूबंदीचा कायदा, पोलिसांचा कायदा, ग्रामपंचायतीचा कायदा आणि आदिवासी भागात ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा पेसा, असं ते चार जागी विखुरलेलं आहे.

## कोणाचं काम कोणतं

गावातला रस्त्यावरचा दिवा आठवा. खांब आणि तारा महावितरणच्या, बल्ब ग्रामपंचायतीचा, आणि बल्ब दगड मारून फोडणाऱ्याला धरायचं काम पोलिसांचं. बल्ब गेला म्हणून लाइनमनला शिव्या दिल्या तर तो हसून निघून जातो, कारण ते त्याचं कामच नाही. दारूच्या तक्रारीचं नेमकं हेच होतं.

दारूची विक्री, म्हणजे दुकान कोणाला द्यायचं, कुठे द्यायचं, परवाना कधी रद्द करायचा, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. गावात यांना 'एक्साइजवाले' म्हणतात. पिऊन गोंधळ घालणं, आयाबहिणींना त्रास देणं, गाडी चालवणं, हे पोलिसांकडे. अवैध विक्रीवर धाड दोघेही घालू शकतात. आणि ज्या जागेवर बसून पितात ती जागा, म्हणजे समाज मंदिर, बाजाराचे ओटे, स्मशानभूमीचं शेड, पाण्याच्या टाकीचा परिसर, ही बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या ताब्यात.

दारूवरचं उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. फुटलेल्या बाटल्या मात्र गावातच राहतात, आणि त्या वेचायला ग्रामपंचायतीचा सफाई कामगार. या हिशेबावर ग्रामसभेत कोणी बोलत नाही, बोलायला हवं.

## मुळात पिण्यालाच परवाना लागतो

'दुकान सरकारमान्य आहे, बाटलीवर टॅक्स भरला आहे, मग मी कुठेही पिईन' हा युक्तिवाद बहुतेक प्रत्येक चावडीवर ऐकायला मिळतो. तो चुकीचा आहे.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. त्याची रचना आपल्या समजुतीच्या उलट आहे. दारू सर्रास चालते आणि काही ठिकाणी मनाई आहे, असं तो म्हणत नाही. दारू बनवणं, विकणं, नेणं, बाळगणं आणि पिणं या सगळ्याला मनाई आहे, आणि परवाना असेल तेवढ्यापुरती सूट आहे, असं तो म्हणतो. दुकानदाराला विक्रीचा परवाना लागतो, तसाच पिणाऱ्यालाही पिण्याचा. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा असतो आणि किरकोळ शुल्कात मिळतो. वयाची अट बिअर-वाइनसाठी २१ वर्षं, कडक दारूसाठी २५ वर्षं.

हा परवाना खिशात ठेवून फिरणारे गावात किती, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सापडल्यावर पोलिसाने तो मागितला आणि दाखवता आला नाही, तर विषय तिथेच संपतो. आणि परवाना असला तरी तो चारचौघांच्या जागेत बसून पिण्याचा नाही. वाइन शॉप आणि बिअर शॉपीला फक्त सीलबंद बाटली विकायची मुभा आहे, तिथे बसायची सोय करता येत नाही. बसून प्यायचं तर परमिट रूमसारखी तसा परवाना असलेली जागा. दुकानाबाहेरचा कट्टा, बाजूची नाली, समोरच्या निंबाचा पार, यातलं काहीही परवान्याच्या हद्दीत येत नाही.

## 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे नेमकं कोणतं?

रस्ता, बाजार, बसस्टॉप हे सरळ आहे. पण कायद्याची व्याख्या त्याहून रुंद आहे: जिथे लोकांना जाता येतं किंवा जाऊ दिलं जातं ती कोणतीही जागा. मालकी कोणाची हा मुद्दा दुय्यम आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशीही याच्यात बसतं. मंदिराचा ओटा, तलावाची पाळ, पांदण रस्ता, ग्रामपंचायतीची व्यायामशाळा, सगळं बसतं.

'मी माझ्या वावरात पितो' हा पुढचा प्रश्न. स्वतःचं बंदिस्त शेत किंवा घर हे सार्वजनिक ठिकाण नाही. तिथे परवान्याची अट तेवढी उरते. पण धुऱ्यावर, जिथून शेजारच्या वावरात जाणाऱ्या बाया रोज जातात, तिथे मैफल भरवली आणि आरडाओरडा केला, तर 'माझं वावर' हे उत्तर फार वेळ टिकणार नाही. वावरात बाटली फोडली तर निंदणाला आलेल्या बाईचा पाय कापतो, बैलाच्या खुरात काच जाते. हे कायद्याच्या पुस्तकात नसलं तरी गावातल्या भांडणाचं मूळ तिथेच असतं.

## सापडल्यावर प्रत्यक्षात काय होतं?

दारूबंदी कायद्याचं कलम ८५ इथे मुख्य आहे. सार्वजनिक ठिकाणी माणूस इतका पिलेला आहे की स्वतःला सांभाळू शकत नाही, किंवा पिऊन गैरवर्तन करतो आहे, किंवा पिलेला आहे आणि परवाना नाही, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्यातली सार्वजनिक गैरवर्तनाची कलमं आहेत. पोलीस ज्याला 'एकशेदहा-सतरा' म्हणतात ती हीच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३५५ मध्ये नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन लोकांना त्रास देणाऱ्याला २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. जुन्या संहितेत याच गुन्ह्याला दंड होता जास्तीत जास्त १० रुपये. १८६० सालचे १० रुपये २०२४ पर्यंत तसेच चालत आले. समाजसेवेची शिक्षा मात्र नवी आहे. ज्या बसस्टॉपवर गोंधळ घातला तोच आठ दिवस झाडायला लावणारा एखादा न्यायाधीश भेटला तर फ्लेक्सची गरजच उरणार नाही, असं मला वाटतं.

पिऊन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ट्रॅक्टरही यात येतो. कापूस घेऊन जिनिंगवर जाणारा आणि परतताना 'थोडीशी' घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला स्वतःला यातून सुटलेला समजतो. तो सुटलेला नाही.

आता पोलीस लवकर का येत नाहीत तेही समजून घेऊ. एखाद्याला कलम ८५ खाली धरलं, की त्याला सरकारी डॉक्टरकडे न्यावं लागतं. डॉक्टर तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, बोलणं, चाल तपासतात. सरळ रेषेत चालायला लावतात, गरज पडली तर रक्ताचा नमुना घेतात. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल निघालं, तर ते औषधातून आलं हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने त्या माणसावरच टाकली आहे. पण त्याच्या आधी त्याला जीपमध्ये घालून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, डॉक्टर ड्युटीवर सापडायचे, कागद करायचे, परत आणायचं, जामिनावर सोडायचं. एका बीट जमादाराची अख्खी रात्र एका पव्वेवाल्यात जाते, आणि त्याच्याकडे वीस-पंचवीस गावं असू शकतात. म्हणून तो दम देऊन हाकलणं पसंत करतो. ही सबब नाही, पण तक्रार कशी करायची हे ठरवताना ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. 'गावात दारू पितात' या तक्रारीवर काहीच होत नाही. 'बुधवारच्या बाजारी संध्याकाळी ६ ते ९ या वेळात मटण मार्केटच्या मागच्या ओट्यावर टोळकं बसतं' या तक्रारीवर गस्तीची वेळ ठरवता येते.

## मग फ्लेक्सवरच्या ५,००० रुपयांचं काय?

स्पष्टच सांगायचं तर त्या आकड्याला फारसा आधार नाही. दंड हा कायद्याने दिलेल्या अधिकारातूनच लागतो. ग्रामसभेत शंभर हात वर झाले म्हणून तो अधिकार तयार होत नाही. सापडलेल्या माणसाने राजीखुशीने पैसे दिले तर गोष्ट वेगळी, पण नकार दिला तर वसुली करता येत नाही. जबरदस्तीने घेतले तर उलट तोच तक्रार देऊ शकतो.

यापेक्षा धोक्याचं म्हणजे काही गावांत पुढची पायरी गाठली जाते. 'पिणाऱ्याचं रेशन बंद', 'दाखला देणार नाही', 'त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही.' रेशन हा अन्नसुरक्षा कायद्याने मिळालेला हक्क आहे, तो ग्रामपंचायत अडवू शकत नाही. शिवाय पिणारा एक आणि त्या धान्यावर जगणारी बायको-पोरं चार. आणि समाजाच्या किंवा जातपंचायतीच्या नावाने वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दारू सोडवायला निघालेली समितीच आरोपी होऊन बसायची.

## 'म्हणजे ग्रामपंचायत काहीच करू शकत नाही?'

उलट. तिच्या हातात जे आहे ते फ्लेक्सपेक्षा कामाचं आहे, फक्त त्यात फोटो छापायला जागा नाही.

पहिली गोष्ट, जागेवरची मालकी. समाज मंदिर लग्नाला भाड्याने देताना अनामत रक्कम घेता येते, आणि 'आवारात दारू आढळल्यास अनामत परत मिळणार नाही' ही अट अर्जावरच सही घेऊन घालता येते. हा दंड नाही, करार आहे, म्हणून टिकतो. ओट्यांवर दिवा लावता येतो. स्मशानभूमीच्या शेडला फाटक बसवता येतं. अंधार आणि आडोसा या दोन गोष्टी काढल्या की निम्मी बैठक आपोआप उठते. स्वच्छतेसाठी वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातून कचराकुंडी आणि बाटल्या वेचण्याचं काम आराखड्यात धरता येतं.

दुसरी गोष्ट, ठराव. ठराव म्हणजे कायदा नव्हे, पण तो गावाचा अधिकृत आवाज आहे आणि सरकारी कार्यालयाला त्याची नोंद घ्यावी लागते. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यातच आहे. गणपूर्तीला गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. महिलांच्या सभेत विषय आला की तो पुढच्या ग्रामसभेत दाबणं अवघड जातं. ठराव असा लिहावा:

'आठवडी बाजाराचे ओटे, जिल्हा परिषद शाळेचे आवार व एसटी प्रवासी निवारा ही मद्यपानास प्रतिबंधित सार्वजनिक ठिकाणे असल्याचे ग्रामसभा नोंदवते. या ठिकाणी बाजाराच्या दिवशी सायंकाळी ६ ते ९ या वेळेत गस्त ठेवण्याची विनंती ठाणेदारांना करण्यात यावी. अवैध विक्रीची माहिती राज्य उत्पादन शुल्क विभागास लेखी कळवण्यात यावी. केलेल्या कारवाईचा अहवाल पुढील ग्रामसभेसमोर ठेवण्यात यावा.'

शेवटचं वाक्य विसरू नका. त्यामुळे विषय एका सभेत संपत नाही. ठरावाची प्रत ठाण्यात, एक्साइजच्या कार्यालयात आणि तहसीलला द्यायची, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची.

तिसरी गोष्ट, माणसं. पोलीस पाटलाचं कामच गावातल्या गुन्ह्यांची माहिती ठाण्याला देणं आहे, १९६७ च्या कायद्याने. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या काही गावांत अजून जिवंत आहेत. आणि २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. दलाचं काम अवैध दारूची माहिती देणं आणि कारवाईला मदत करणं. झडती घेणं, मारहाण करणं हे त्याचं काम नाही.

इथे एक आड गोष्ट. बचत गटाच्या बाया जंगलात जाऊन मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळायला आंबवलेली मोहफुलं, ओतून देतात, ड्रम फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्यांच्या हिमतीला सलाम. पण सडवा ओतला की पुरावाही मातीत जातो. गुन्हा टिकायला पंचनामा लागतो आणि नमुना रासायनिक तपासणीला जावा लागतो. आधी ११२ ला फोन, पोलीस येईपर्यंत तिथेच ठिय्या, आणि पंचनाम्यानंतर त्यांच्यासमोर नाश, असा क्रम ठेवला तर विकणारा आठ दिवसांत पुन्हा भट्टी लावायला धजत नाही. वारंवार सापडणाऱ्याकडून दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं. अगदीच मुजोर झालेल्या हातभट्टीवाल्याला १९८१ च्या एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली स्थानबद्धही करता येतं.

## ढाबा, पानठेला आणि अंडाभुर्जीची गाडी

'ढाबा तर खासगी जागा आहे, मालक बसू देतो' हा आणखी एक समज. परवाना नसलेल्या ढाब्यावर दारू प्यायची सोय केली, म्हणजे ग्लास, पाणी, चकणा पुरवला, तरी तो दारूबंदी कायद्याच्या भाषेत दारू पिण्याचा अड्डा होतो. दारू ढाबेवाल्याने विकली नसली, गिऱ्हाइकाने सोबत आणली असली तरी. मालकावर कलम ६८ आणि तिथे पिणाऱ्यांवर कलम ८४. एक्साइजवाले रात्री ढाब्यांवर ज्या धाडी टाकतात त्या याच कलमांखाली, आणि त्यात मालकाबरोबर गिऱ्हाइकांनाही कोर्टात उभं राहून दंड भरावा लागतो. गावातल्या अंडाभुर्जीच्या गाडीलाही हेच लागू. गाडी गरिबाची असते म्हणून कोणी बोलत नाही, पण संध्याकाळच्या शेवटच्या बसने कॉलेजातून परतणाऱ्या पोरींना तिच्यासमोरूनच यावं लागतं.

महामार्गालगतच्या दुकानांचा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणांसाठी हे अंतर २२० मीटर केलं. आपली बहुतेक गावं या दुसऱ्या गटात येतात. तेव्हा काही दुकानं महामार्गावरून उठून गावाच्या पोटात शिरली, आणि उघड्यावर पिण्याच्या कितीतरी तक्रारींची सुरुवात तिथून झाली.

## दुकानच नको असेल तर: आडवी बाटली

उघड्यावर पिणं थांबवणं आणि दुकान बंद करणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. दुसरीची वाट २००८ च्या शासन आदेशात आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, किंवा ग्रामसभेने तसा ठराव केला, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन बाटल्या: उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

यातली ग्यानबाची मेख मोजणीत आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत असलेल्या एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत १,००० बायांची नावं आहेत. त्यातल्या ६०० मतदानाला आल्या आणि ४८० जणींनी आडवी केली. दहातल्या आठ जणी दुकानाविरुद्ध, तरी दुकान चालूच राहतं, कारण ५०१ झाल्या नाहीत. घरी राहिलेल्या ४०० जणींचं मत न देताही उभ्या बाटलीत मोजलं जातं.

आणि त्या ४०० कोण? काही मयत झालेल्या, काही लग्न होऊन सासरी गेलेल्या पण नाव माहेरच्या यादीतच राहिलेल्या, काही वीटभट्टीवर किंवा सोयाबीनच्या सोंगणीला बाहेरगावी गेलेल्या. म्हणून ज्या गावाला ही लढाई जिंकायची आहे तिथे पहिलं काम घोषणा देण्याचं नाही, मतदार यादी दुरुस्त करायचं. बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बसून मयत आणि स्थलांतरित नावं वगळण्याचे अर्ज भरणं कंटाळवाणं आहे, पण निकाल तिथेच ठरतो. दुसरं, तारीख. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात मतदान लागलं तर मजुरी बुडवून किती जणी रांगेत उभ्या राहतील? निवेदन कधी द्यायचं हे पीकपाणी पाहून ठरवलेलं बरं.

## पेसाच्या गावांत हिशेब वेगळा

धारणी, चिखलदरा, धानोरा, एटापल्लीसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा हा केंद्राचा कायदा. कोणत्याही मादक पदार्थाची विक्री आणि सेवन यावर बंदी अमलात आणण्याचा, नियमन करण्याचा किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिला आहे. राज्याने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. म्हणजे इतर गावांत ग्रामसभेचा ठराव ही विनंती असते, इथे त्याला कायद्याचं पाठबळ आहे.

'मोह तर आमच्या देवाला लागतो, मग?' हा प्रश्न इथे रास्त आहे, आणि पेसातले 'नियमन' आणि 'मर्यादा' हे शब्द त्याच्यासाठीच उपयोगी पडतात. पूजेला आणि सणाला लागणारी घरची मोहाची, आणि रोज शेपन्नास लिटर गाळून मोटारसायकलवर ट्यूबमध्ये भरून विकणं, यांत ग्रामसभा फरक करू शकते. पहिल्याला मर्यादा घालायची आणि दुसऱ्याला थारा द्यायचा नाही, हे बाहेरच्या कोणी सांगण्यापेक्षा ग्रामसभेने ठरवलं तर ते पाळलं जाण्याची शक्यता जास्त.

## 'बंदीच्या जिल्ह्यात तरी कुठे थांबली?'

वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. तिन्ही जिल्ह्यांत चोरून मिळत होती, वर्धा-गडचिरोलीत आजही मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही. नागपूरहून बाटली आणून वर्ध्यात बाळगणं हाही गुन्हा आहे आणि तो रोज घडतो.

पण यावरून 'नियमच कशाला' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक गोष्ट सुटी करून पाहावी. जिल्ह्याची बंदी सांगते: विकू नका. उघड्यावरची बंदी सांगते: इथे बसू नका. पहिली राबवायला जिल्ह्याच्या सीमा, जंगलवाटा, रात्रीच्या गाड्या सगळ्यांवर नजर लागते. दुसरीला तीन-चार ठराविक ओटे आणि आठवड्यातले दोन-तीन तास. पहिलीच्या अपयशाचं माप दुसरीला लावणं बरोबर नाही. जिथे दारू कायदेशीर आहे तिथे तर उघड्यावरच्या बंदीची गरज जास्त.

## 'मग गरिबाने प्यायचं कुठे?'

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तालुक्याच्या परमिट रूममध्ये एसीत बसून पिणाऱ्याला कोणी हटकत नाही. दिवसभर फवारणी करून आलेला मजूर ओट्यावर पव्वा घेऊन बसला की त्याला गाडीत घालतात. कायदा कागदावर दोघांना सारखाच आहे, वागवणूक सारखी नाही.

तरीही ओटा त्याला मोकळा सोडावा असं म्हणवत नाही, कारण त्या ओट्याची किंमत दुसराच गरीब मोजतो. सोमवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात प्लास्टिकचे ग्लास, शेवेची पाकिटं आणि पव्व्याची झाकणं गोळा करणारी स्वयंपाकी बाई गरीबच असते. हापशीवर जाताना वाट बदलणारी बाईही. म्हणून कारवाईचा रोख पिणाऱ्या एकट्यादुकट्यावर नको, बसायची सोय करून पैसे कमावणाऱ्यावर हवा: ग्लास-पाणी पुरवणारा ढाबा, दुकानाबाहेर बाकं टाकणारा परवानाधारक, पानठेल्यामागे पिपा ठेवणारा विक्रेता. परवानाधारकाने हद्दीबाहेर बसवलं तर त्याच्या परवान्यावरच तक्रार करता येते, आणि परवाना जाण्याची भीती ५,००० रुपयांच्या फ्लेक्सपेक्षा जास्त काम करते.

पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस), धुळवड आणि भंडारा-गोंदियाकडची दिवाळीनंतरची मंडई (नाटक-दंडारीचा गावमेळा), हे गोंधळाचे ठरलेले दिवस. सार्वजनिक शांततेसाठी दारूची दुकानं काही काळ बंद ठेवण्याचा आदेश जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली देऊ शकतात. त्यासाठी ग्रामपंचायतीचा अर्ज ठाणेदारांच्या अभिप्रायासह पोहोचावा लागतो, आणि अभिप्राय यायला वेळ लागतो. मंडईची तारीख ठरते त्याच बैठकीत अर्जही लिहून टाकावा. नाटकाचा मंडप आणि दंडारीचं बुकिंग आधीच झालेलं असतं, अर्ज मात्र आदल्या दिवशी आठवतो.